गोगलगायीचा मालक

आमच्या तक्रार अर्जात एक रकाना आहे, ‘उपद्रवी प्राण्याच्या मालकाचे नाव’. गुरं आणि कुत्री डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी कधीकाळी तो छापला असणार. त्या सकाळी हातात आलेल्या अर्जात प्राणी म्हणून ‘शंख (मोठे)’ असं लिहिलेलं होतं आणि मालक म्हणून शेजाऱ्याचं पूर्ण नाव. खाली ठसठशीत सही. मला हसू आलं. ते दुपारपर्यंतही टिकलं नाही.

मी पालिकेच्या उद्यान विभागात निरीक्षक आहे. बाहेरून आलेल्या उपद्रवी झाडांचं आणि जिवांचं काम माझ्याकडे आलं ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. वर्षातला बराच काळ गाजरगवत आणि जलपर्णी यांतच जातो. नियम तसा सोपा आहे. दिसलं की कळवायचं. खासगी जागेत असेल तर जागेच्या मालकाने मुदतीत काढायचं, सार्वजनिक जागेत असेल तर आम्ही. आणि काढलेलं नष्ट केल्याशिवाय जागेवरून हलवायचं नाही. हे शेवटचं वाक्य सहसा कुणी वाचत नाही. मी वाचलं होतं, पण फक्त नोटिशीत उतरवून काढण्यापुरतं.

अर्जदार निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. रात्री पाऊस होऊन गेला होता. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीपाशी गेले तेव्हा गोगलगाय दिसायच्या आधीच मला अंदाज आला, कारण भिंतीचा चुना जागोजागी खरवडलेला होता. शंख वाढवायला त्यांना चुना लागतो. झाडं खातात, माती खातात आणि भिंतीही चाटतात. एक कुंडी उचलली तर खाली तीन बसलेल्या. बोटाएवढ्या लांब, टोकदार, तपकिरी, अंगावर उभे पट्टे. शंखी गोगलगाय, मूळची पूर्व आफ्रिकेतली. भारतात ती आली त्याचा किस्सा मला फार आवडतो. विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी १८४७ मध्ये कोलकात्याच्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. अभ्यासकाची हौस, पुढचं निस्तरतोय आम्ही.

“हे सगळं त्याच्याकडून येतं,” आजोबा भिंतीपलीकडे बोट दाखवत म्हणाले. “रोज रात्री पन्नास-साठ गोळा करतो मी.”

“आणि काय करता त्यांचं?”

“मारवत नाहीत हो. जीवच आहे. पिशवीत भरतो आणि सकाळी फिरायला जाताना बागेत सोडून येतो.”

“कुठल्या बागेत?”

“तुमच्याच की.”

मी लिहिता लिहिता थांबले. सोबतचा मुकादम पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

शेजाऱ्याचीही बाजू होतीच. त्याच्या मते सगळं आजोबांकडूनच येत होतं. त्याने भिंतीलगत मिठाचा पट्टा ओढून ठेवला होता. त्याने गोगलगायी थोड्या मेल्या, पण जास्वंदीची अख्खी रांग वाळली. शिवाय कुठूनशा आणलेल्या विषारी गोळ्या तो टाकणार होता. त्या पाकिटावर मेटाल्डिहाइड लिहिलेलं पाहून ते मी आधी ताब्यात घेतलं, कारण त्या गोळ्या कुत्री-मांजरंही आवडीने खातात आणि मरतात. दोघांनाही हातमोज्यांचं सांगितलं. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक सूत्रकृमी या गोगलगायींच्या अंगात वाढतो आणि न धुतलेल्या हातातून किंवा पाल्यातून पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. आजोबा इतके दिवस उघड्या हातांनी गोळा करत होते. त्यांनी मुकाट्याने हात धोतराला पुसले, मग लक्षात आलं तसे नळाकडे गेले.

रात्री साडेनऊला आठ माणसं, बॅटऱ्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादल्या घेऊन आम्ही बागेत उतरलो. संध्याकाळीच ओली गोणपाटं अंथरून ठेवली होती. गोगलगायी रात्री निघतात आणि उजाडायच्या आत ओलसर आडोसा शोधतात, म्हणून गोणपाट हा सगळ्यात स्वस्त सापळा. गवतावर बॅटरी टाकली आणि सगळेच क्षणभर गप्प झाले. जमीन हलतेय असं वाटत होतं. अगदी सावकाश, पण हलत होती.

“मॅडम, पिल्लं हिशोबात धरायची का?” मुकादमाने विचारलं. नियमाप्रमाणे आकडा द्यावा लागतो. मी म्हटलं, नखाएवढी असेल तर सोड. लगेच दुरुस्ती केली, “म्हणजे मोजायचं सोड, उचलायचं सोडू नकोस.” बारापर्यंत ६११ झाल्या, पिल्लं वेगळी.

मधल्या चहाला एका पोराने सुचवलं की यांना खाणारं काहीतरी आणून सोडावं. विचार वाईट नाही, पण तो आधी करून झालाय. हवाईमध्ये १९५५ साली याच कामासाठी दुसरी एक शिकारी गोगलगाय आणून सोडली होती. तिने ही मोठी राहू दिली आणि तिथल्या मूळच्या छोट्या गोगलगायींचा फडशा पाडला. पोरगं म्हणालं, “म्हणजे आपणच खाली वाकायचं.” आणि वाकलं.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. पुरायला खड्डा घ्यायचा म्हणून बागेच्या मागच्या कोपऱ्यात गेलो. तिथे आमचा पालापाचोळ्याच्या खताचा ढीग आहे. मुकादमाने कडेला फावडं मारलं आणि मातीबरोबर पिवळसर पांढरे, साबुदाण्याएवढे दाणे घरंगळले. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. एक गोगलगाय एका खेपेला शंभर-दोनशे अंडी घालते, प्रत्येकीत नर-मादी दोन्ही अंगं असतात आणि एकदा जोडी जमली की पुढच्या कित्येक खेपांना जोडीदार लागत नाही. ढीग नीट वरखाली केला आणि आतून ५५ अंशांवर तापला तर त्यात अंडी तगत नाहीत. आमचा ढीग कडेने थंडगार होता. तो उलटायला माणसं मागणारा माझा अर्ज दोन महिने टेबलावर पडून होता. टेबल माझंच. बाकी सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या.

आणि हे खत आम्ही नागरिकांना फुकट वाटतो.

कचेरीत येऊन वाटपाची वही काढली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी ४३ जणांनी गोण्या नेल्या होत्या. आजोबांचं नाव नवव्या ओळीत, शेजाऱ्याचं दहाव्या. एकाच दिवशी, बहुधा एकाच रिक्षातून नेल्या असाव्यात. तेव्हा बोलत असतील. प्रत्येक ओळीपुढे देणाराची सही माझी. आजोबांनी आमच्या बागेत आणून सोडलेल्या गोगलगायी आमच्या ढिगात अंडी घालत होत्या आणि आजोबांच्या अंगणात पहिली गोगलगाय बहुधा आमच्याच गोणीतून उतरली होती. आधी कोण, हे ठरवायला काही साधन नव्हतं.

अमेरिकेत १९६६ साली एका मुलाने हवाईहून मायामीला तीन गोगलगायी आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्या १८,००० झाल्या आणि त्या पूर्ण संपवायला १९७५ उजाडलं. तिथे तीनच होत्या. आमच्या गोण्या ४३.

नोटीस तर काढायलाच हवी होती. जागा सार्वजनिक, म्हणजे जबाबदार विभाग आमचा. मी माझ्याच वरिष्ठांच्या नावे नोटीस लिहिली, मुदत सात दिवस, आणि ती त्यांच्याच सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. “हे आवक-जावकला नोंदवलंस का?” “हो सर.” “मग आता काय विचारतेस,” म्हणाले आणि सही केली. दुपारी ढीग उलटायला सहा माणसं मिळाली. वाटप त्याच दिवशी बंद.

मग वही घेऊन एकेकाला फोन लावत बसले. खत कुठे टाकलं, शिल्लक आहे का, असेल तर हलवू नका, आम्ही येतो. काहींनी ऐकून घेतलं, दोघांनी माझ्यावर आवाज चढवला, एकांनी ती गोणी बहिणीला दिली होती म्हणून त्र्याहत्तर प्रश्नांनंतर बहिणीचा नंबर मिळाला. एकोणिसाव्या क्रमांकाच्या काकू सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “ते ठीक आहे हो, पण गुलाब काय सुरेख आलेत त्या खताने. आणखी एक गोणी मिळेल का?”

आजोबांच्या अर्जावर निकालाचा शेरा अजून लिहायचा आहे. मालकाच्या रकान्यातलं शेजाऱ्याचं नाव मी खोडलंय. त्याच्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.