फर्मे गेले तेव्हा

नागपूरच्या लकडगंजात आरामशिनी आणि प्लायच्या दुकानांच्या गर्दीत आमचं पत्र्याचं शेड आहे. बोर्डावर नुसतं 'फर्निचर वर्क्स' लिहिलंय. 'जादूचं सामान' लिहिलं असतं तर लाकूडवाल्याने उधारी दिली नसती.

वडील दिवाण आणि कपाटं करायचे. 1996 च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ सायकलवर आले आणि खिशातून वहीचं पान काढलं. पानावर झिगझॅगची पेटी काढलेली: उभी, तीन खणांची, मधला खण बाजूला सरकणारा. वडिलांनी विचारलं, "भाऊ, याच्यात कपडे ठेवायचे का?"

"पुतणी ठेवायची," ते म्हणाले.

हे आमचे प्रोफेसर. (प्रोफेसर नाही असा जादूगार आमच्या धंद्यात भेटत नाही.)

पेटी मी मे महिन्यात बनवली. नागपूरच्या मेमध्ये लाकूड पापडासारखं कोरडं होतं. चौकटी सागाच्या, फळ्या 6 मिमी प्लायच्या, आणि फट इतकी बारीक की पोस्टकार्ड शिरणार नाही. त्या फटीचा मला फार अभिमान होता. जुलैत गोंदियाला शो होता आणि चार दिवसांची झड लागलेली. साग रेषेच्या आडवा फुगतो हे मला माहीत होतं, पण ते कपाटाच्या बाबतीत. मधला खण सरकला, टाळ्या पडल्या, आणि परत आणताना अर्ध्यात अडकला.

प्रोफेसरांनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. माइक घेऊन त्यांनी जादूगार पी. सी. सरकारांची गोष्ट सुरू केली. 1956 साली लंडनला बीबीसीवर सरकारांनी मुलगी करवतीने कापली, ती उठून उभी राहायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली, आणि पोरगी मेली समजून लोकांनी फोनचा भडिमार केला. "आज गोंदियातही टेलिफोन वाजणार बघा!" लोक हसत होते. तेवढ्यात मी कुणाचा तरी जरीचा कोट चढवून स्टेजवर गेलो आणि खणाला खांदा लावला. आतून बारीक आवाज आला, "दादा, हळू. माझं बोट आहे तिथे."

तिसऱ्या धक्क्याला खण बसला. रात्री धर्मशाळेत प्रोफेसरांनी राहिलेले पैसे मोजून हातावर ठेवले आणि म्हणाले, "मिस्त्री, कपाट चांगलं बनवलं तू. आता पेटी बनव."

तेव्हापासून आमच्याकडे फट पत्त्यांनी मोजतात. पेटी मेमध्ये बनत असेल तर आठ पत्ते एकत्र धरून फटीतून सरळ खाली उतरले पाहिजेत. पावसाळ्यात बनत असेल तर पाच पुरतात, कारण लाकूड आधीच फुगलेलं असतं. फीलर गेज आहे माझ्याकडे, पण ती ड्रॉवरमध्ये असते.

विषय निघालाच आहे तर सांगतो. बिजागरीला तेल मारू नका, मखमलीवर डाग उतरतो, मेणबत्ती घासा. काळी पट्टी मॅटच ठेवा, चकाकली की पहिल्या रांगेतल्या पोरालाही दिसते. चाकं चार इंचीच लावा, तालुक्याच्या स्टेजच्या फळ्यांत लहान चाक रुततं. आणि मुलीचं माप पोशाखासकट, अंबाड्यासकट आणि जेवण झाल्यावर घ्या. शो जेवणानंतरच असतो.

पुढची चौदा-पंधरा वर्षं कामं आली, कामं गेली, बिलंही मिळाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमची खरी मिळकत म्हणजे फर्मे, लाकूड कापायच्या मापाचे नमुने. हार्डबोर्डचे, भिंतीवर खिळ्याला टांगलेले, एकूण नऊ. झिगझॅगच्या फर्म्यात खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक होतं. कशाचंच नव्हतं ते. तापात काम करत होतो, ड्रिल चुकीच्या बाजूला धरली.

2011 च्या तान्ह्या पोळ्याला दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर भिंतीवर नऊ खिळे होते. फर्मे नेले ते आमच्याकडेच सहा वर्षं शिकलेल्या पोराने. पटाशी कशी धरायची इथून त्याला शिकवलं. महिन्याभरात रिंगरोडच्या पलीकडे त्याने दुकान थाटलं. आमच्या 38 हजारांच्या पेटीला त्याचा भाव 22 हजार. प्लायच्या जागी पार्टिकल बोर्ड, वरून चकाचक सनमायका. एवढ्यावर थांबला असता तर धंदा म्हणून सोडलं असतं. पण येईल त्या गिऱ्हाइकाला तो गोंदियाची गोष्ट सांगायचा. "त्यांच्या पेटीत पोरगी अडकली होती." ती गोष्ट त्याला मीच सांगितली होती, फट नीट ठेव म्हणून.

दीड वर्षात आमच्याकडे दोन ऑर्डरी आल्या. बँडसॉ विकली. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या, त्या सोडवायला चार वर्षं लागली. त्या दिवसांत प्रोफेसर आले आणि तलवारीच्या पेटीची ऑर्डर देऊन पूर्ण पैसे ॲडव्हान्स देऊन गेले. त्या पेटीचा त्यांनी एकही खेळ केला नाही. त्यांच्या घरी अजून तिच्यात गाद्या ठेवतात.

एकदा टपरीवर तो पोरगा समोर आला. मी म्हटलं, "लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "दादा, ते तुमचं तरी कुठे आहे?"

काही सुचलं नाही मला. झिगझॅग रॉबर्ट हार्बिन या ब्रिटिश जादूगाराची, 1965 ची. जगभर तिच्या नकला झाल्या. शेवटी त्याने आराखडे पुस्तकात छापले, आणि पुस्तक घेईल त्यालाच ती बनवायची मुभा दिली. 1978 ला तो वारला. मी काही त्याला मनीऑर्डर केली नव्हती. हे सगळं खरं आहे. तरी फर्मे माझे होते.

आणि माप पुतणीचं होतं. चार फूट अकरा इंच, बांधा सडपातळ. पोराने तेच माप सगळ्यांना विकलं. कुणाची असिस्टंट पाच फूट चार इंचांची, कुणाची दोन लेकरांची आई.

परवा भंडाऱ्याहून एक तरुण जादूगार टेम्पोत पेटी घालून आला. सनमायका सुटलेला, खण बसत नव्हता, आणि त्याची बहीण आत मावतच नव्हती. "काका, याचं काही होईल का?" आम्ही पेटी आडवी केली. खालच्या डाव्या कोपऱ्यात भोक होतं.

खण नवीन करून दिला, बहिणीचं माप घेतलं, पैसे पूर्ण लावले. हेल्पर लांबी (पुट्टी) भरायला घेऊन आला तेव्हा त्याला म्हटलं, ते भोक राहू दे.