उलटी फिरलेली वेणी

आज पाण्याचा दिवस, त्यामुळे साडेचारलाच उठले. टाकी भरेपर्यंत गच्चीवर बसून लेकीचा स्वेटर विणायचा असं रात्रीच ठरवलेलं. मे महिन्यात सोलापुरात लोकर हातात धरायची तर एवढीच वेळ, नंतर तळहात घामेजतात आणि टाका सुईवर सरकतच नाही, चिकटून बसतो. काल दुपारी ४३ होतं. घरचे म्हणतात पावसाळ्यात विण की, पण ऑगस्टअखेर लेक चालली आयर्लंडमधल्या गॉलवेला शिकायला, तोवर पुढचा भाग, दोन्ही बाह्या, गळा, सगळं होऊन, धुऊन, वाळून बॅगेत बसायला पाहिजे.

लेक म्हणते, आई अगं हे वेण्यांचे स्वेटर तिथलेच आहेत, दुकानात मिळतात. माहितीये मला. गॉलवेच्या खाडीच्या तोंडाशी इनिशमोर, इनिशमान, इनिशीर अशी तीन बेटं आहेत, अरन म्हणतात त्यांना, तिथल्या बायकांनी ही वीण जगभर नेली. असू देत तिथे हजार, हा माझ्या हातचा आहे.

लोकर मिळवायलाच पंधरा दिवस गेले. हे सुताचं गाव, चादर टॉवेल मागाल तेवढे, पण लोकर मागितली की दुकानदार बाळाच्या टोपड्याची गुलाबी ॲक्रिलिकचा गुंडा पुढे करतो. मला न रंगवलेली, सायीच्या रंगाची अस्सल लोकर हवी होती कारण गॉलवेला पाऊस फार, आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. शेवटी ऑनलाइन मागवली, १०० ग्रॅमच्या १० लड्या. वेणी लोकर खाते फार. आईच्या ८ नंबरच्या सुयांवर आधी छोटा तुकडा विणून पाहिला, तर साध्या विणीत ४ इंचाला २० टाके बसले आणि वेण्या घातल्यावर तेवढ्याच रुंदीला २६ लागले, कारण पीळ पडला की कापड आत ओढलं जातं. पण त्यानेच तर ते जाड आणि उबदार होतं.

आईने मला नुसतं दोन सुलट दोन उलट शिकवलं होतं, वेणी मी या वर्षी शिकले. करायचं इतकंच, सहा टाक्यांतले पहिले तीन तिसऱ्या छोट्या सुईवर काढून पुढे लोंबत ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग लोंबते तीन. वेणी डावीकडे वळते. तेच तीन मागे धरले की उजवीकडे. दर आठव्या ओळीला हे एकदा, मधल्या ओळी साध्या. पहिला पीळ पडला तेव्हा मी लेकीला हाक मारून दाखवला होता, खरंच वेणी दिसते हो, तेल लावून घट्ट घातलेली.

परवा शेजारचे अण्णा आले होते. चादरीच्या कारखान्यात सगळी हयात गेली त्यांची, जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर. चष्मा न लावता स्वेटरची पाठ हातात घेतली आणि बोट ठेवलं, "ही येणी हितं उलटी फिरलीय बघ की." मी चार दिवस त्याच्यावर विणत होते आणि मला दिसलं नव्हतं! तीन टाके पुढे धरायचे ते एकदाच मागे धरलेले, त्यावर पुढे २४ ओळी झालेल्या. अण्णा म्हणाले, आमच्याकडं पुठ्ठ्याच्या पत्त्यात एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत तीच चूक येती, तुझं बरंय, एकाच जागी हाय, उसवून घे.

लेक म्हणाली राहू दे ना आई, हीच तुझी ओळख. मलाही क्षणभर पटलं. कारण या स्वेटरांबद्दल सगळीकडे सांगतात की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणजे कोळी समुद्रात बुडाला तर स्वेटरवरून ओळख पटावी. ते खरं नाही. ही वीण तिथे रुजली तीच विसाव्या शतकात. ती समजूत बरीचशी सिंग नावाच्या आयरिश नाटककाराच्या १९०४ च्या नाटकावरून पसरली, 'रायडर्स टू द सी'. त्यात बुडालेल्या भावाचा मोजा बहिणीसमोर येतो. तिनेच विणलेला, साठ टाके घातले होते आणि चार गळाले होते हे तिला आठवतं, आणि ती मोजून ओळखते. रात्री हे वाचलं आणि मग मला काही सुचेना. चुकलेल्या टाक्यांवरून ओळखलं तिने. माझी पोर त्याच समुद्राकाठी राहणार. मला तिच्या अंगावर असली खूण नको, एकही नको.

म्हणून आज पहाटे सगळी पाठ न उसवता तेवढेच सहा टाके सोडले. एकेक ओळ सुटत खाली गेली आणि मध्ये शिडी उभी राहिली, आडव्या धाग्यांच्या २५ दांड्या, पिळात राहून कुरळ्या झालेल्या. खालून वर यायचं, प्रत्येक दांडीचा धागा त्याच ओळीचा, खालचा-वरचा झाला की संपलं. पहिल्याच दांडीला पीळ नीट पुढून घातला, दोन वेळा बघितलं, मग श्वास सोडला. धागा जेमतेम पुरतो, शेवटचा टाका काढताना बाजूचे टाके सैल करून थोडी थोडी लोकर ओढून आणावी लागते. सतरा झाल्या तेवढ्यात टाकी वाहायला लागली आणि पळाले मोटर बंद करायला. परत आले तर ऊन गच्चीवर आलेलं, बोटं चिकटायला लागलेली.

आठ दांड्या राहिल्यात. टाके सेफ्टी पिनवर अडकवून ठेवलेत, उद्या पहाटे. खाली आल्यावर लेक पंख्याखाली झोपलेली दिसली तर टेप आणून तिच्या हाताचं माप घेतलं, खांद्यापासून मनगटापर्यंत २२ इंच. जागी नाही झाली.