वाती नक्की कोण नेतं?

मी पुण्यात पेस्ट कंट्रोलचं काम करतो, १४ वर्षं झाली. झुरळं, ढेकूण, वाळवी हे रोजचंच, त्याला माझी पोरं जातात, पण उंदराचा कॉल आला की मी स्वतः जातो. कारण उंदराचा म्हणून आलेला कॉल उंदराचाच असेल असं नाही, आणि हे मी एकदा फार वाईट पद्धतीने शिकलोय, ते सांगतो पुढे.

पाडव्याच्या आधीचा आठवडा होता. कर्वेनगरमधून एका काकांचा फोन आला, म्हणाले उंदरांनी उच्छाद मांडलाय, माळ्यावर रात्रंदिवस खुडबुड चालू असते, पाडव्याला लेक-जावई येतायत नातवंडांना घेऊन, त्याच्या आत औषध मारून मोकळं करा. मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतो, आवाज किती वाजता येतो? काका म्हणाले अहो रात्रंदिवस म्हणलं ना. मी म्हणलं तसं नाही काका, रात्री दोनला येतो की सकाळी दहाला? मग फोन काकूंनी घेतला. म्हणाल्या, "दोन्ही वेळेला येतो, पण वेगवेगळा येतो." एवढं ऐकलं आणि मी वारज्याची व्हिजिट दुसऱ्या दिवसावर ढकलली.

उंदीर रात्रीचा प्राणी आहे, घरातली माणसं झोपली की तो निघतो. खार उजाडल्यावर बाहेर पडते आणि अंधार व्हायच्या आत घरट्यात जाऊन बसते. त्यामुळे आवाजाच्या वेळेवरून अर्धा निकाल लागतो. आणि इथे बाई सांगत होती की दोन वेगळे आवाज आहेत, म्हणजे बाईचं लक्ष आहे घरात.

जुनी तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या बाजूला आंबा आणि नारळ, आंब्याची एक फांदी सरळ बाल्कनीच्या ग्रीलला येऊन टेकलेली. ती बघितल्यावर मला अजून थोडा अंदाज आला. घरात शिरल्या शिरल्या काकूंनी दारातलं काथ्याचं पायपुसणं दाखवलं, एक कड पूर्ण उसवलेली. मग देवघरापाशी नेलं. म्हणाल्या, "माझ्या वाती जातायत. रोज."

"कुठल्या वाती काकू, कोरड्या की भिजवलेल्या?"

काकूंनी जरा विचार केला. निरांजनातली तुपाची वात सकाळी उठल्यावर जाग्यावर नसते, आणि परवा दुपारी वस्त्रमाळेसाठी कापूस काढून ठेवला होता, पाणी प्यायला आत गेल्या तेवढ्यात त्यातला निम्मा गायब.

तुपाची किंवा तेलाची वात नेणारा उंदीर असतो, त्याला त्यातलं तूप पाहिजे. आणि हे नुसतं चोरीपुरतं नाहीये, तो पेटती वातसुद्धा ओढत नेतो, पडद्याखाली, कपाटाच्या मागे, आणि त्याने आगी लागतात, म्हणून मी ज्या घरी उंदीर आहे तिथे हात जोडून सांगतो की झोपायच्या आधी दिवा शांत करा, मग बाकीचं बघू. पण भरदुपारी कोरडा कापूस आणि काथ्या कोण नेईल? खाण्यासाठी नाही, घरटं करायला. ती खार.

काकू एकदम म्हणाल्या, "खारूताई आहे होय!" आणि काका मागून म्हणाले, "खार असो नाहीतर घूस असो, मी काल रात्रीच केक टाकलेत माळ्यावर, सहा."

पोटात गोळा आला माझ्या.

दुकानात मिळतो तो उंदीर मारायचा साधा केक, ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के. हे औषध रक्त गोठू देत नाही. खाल्ल्यावर जनावर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस जातात, आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतं. ते मुद्दाम तसं असतं, कारण उंदीर हुशार, एक खाऊन तडफडला तर बाकीचे त्या खाण्याला शिवत नाहीत, पण चार-पाच दिवसांनी मेला तर कोणाला संबंध लागत नाही. ह्यावर उतारा म्हणजे व्हिटॅमिन के, चुकून पोराने किंवा कुत्र्याने खाल्लं तर डॉक्टर तेच देतात, म्हणून मी पाकीट कधी फेकून देऊ देत नाही, औषधाचं नाव त्याच्यावर असतं. पण खारीला कोण देणार व्हिटॅमिन के? आणि खार १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येते, तिला विष घालणं गुन्हा आहे, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. काकांनाही नव्हतं.

शिडी लावली, मास्क, ग्लोव्हज, डोक्याला टॉर्च. माळा टिपिकल, गणपतीचं मखर, पितळेची भांडी, जुन्या साड्यांची बोचकी, एक गोधडी. आधी केक मोजले. पाच. परत मोजले, बोचकी हलवून बघितली. पाचच. सहावा नाही.

मग घरटं दिसलं, बोचकं आणि भिंतीच्या मधल्या खाचेत, काथ्या, सुतळी, लोकरीचे तुकडे आणि आतून वस्त्रमाळेचा पांढरा कापूस. त्यात चार पिल्लं, करंगळीएवढी, डोळे मिटलेले, पाठीवर पट्टे नुकते उमटायला लागलेले. म्हणजे तीन आठवड्यांच्या आतली, कारण साधारण तेवढ्यात डोळे उघडतात. खार येत-जात होती ती स्वयंपाकघराच्या जुन्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून, फॅन काढून तिथे पुठ्ठा लावला होता आणि पुठ्ठ्याची कड कुरतडलेली. आणि त्याच्याच खालून गीझरची वायर गेली होती, वीतभर सोललेली, आतलं तांबं चमकत होतं. ह्या सगळ्या कुरतडणाऱ्या जनावरांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवले नाहीत तर त्यांनाच खाता येत नाही, त्यामुळे वायर काय, लाकूड काय, त्यांना फरक पडत नाही. मी वरूनच ओरडलो, काका गीझरचा एमसीबी आधी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

आता सहावा केक. माळ्यावरून तो कोणी नेला ह्याच्यावर सगळं अवलंबून होतं. जवळजवळ पाऊण तास शोधला, आणि मिळाला सिंकखाली, जिथून सांडपाण्याचा पाईप डक्टमध्ये जातो त्या भोकाच्या तोंडाशी. अर्धा खाल्लेला. भिंतीला जमिनीलगत काळपट तेलकट पट्टा, उंदीर रोज एकाच रस्त्याने अंग घासत जातो त्याचा असतो तो, आणि टोकदार मोठ्या लेंड्या. उरलेल्या पाच केकवर दाताची एक खूण नव्हती. म्हणजे उंदीर वर जाऊन ओढत घेऊन आला होता, खारीने तोंड लावलं नव्हतं. मी तिथेच ओट्याखाली दोन मिनिटं बसून राहिलो. मग वरचे पाचही केक ग्लोव्हजने उचलून पिशवीत बंद केले.

काका म्हणाले बरं मग आता पिल्लं बाहेर ठेवा आणि ते भोक बुजवून टाका, सिमेंट मी आणतो. तेव्हा मी त्यांना २०१३ ची गोष्ट सांगितली. एका बंगल्यात फॉल्स सीलिंगमध्ये असाच आवाज, मी नवीन होतो, दुपारी गेलो, भोक दिसलं, बुजवलं, पैसे घेतले, आलो. पाचव्या दिवशी वासाचा फोन आला. सीलिंग कापलं तर आत तीन पिल्लं मेलेली आणि त्या बाई सांगत होत्या की पहिले दोन दिवस एक खार सारखी ग्रीलवर येऊन ओरडत होती, आम्हाला कळलंच नाही का ते. ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचं पण नाहीये. काका काही बोलले नाहीत, सिमेंटचा विषय तिथेच थांबला.

काकूंचं म्हणणं, राहू देत की मग महिनाभर, मोठी होऊन जातील. एरवी मी पण हेच सांगतो. पण उघडी वायर आणि त्याच माळ्यावर फिरणारा, अंगात विष असलेला उंदीर, इथे ठेवण्यात अर्थ नव्हता. अशा वेळी आईलाच जागा नकोशी करायची. माळ्यावर लांबून वायर ओढून एक बल्ब लावला आणि काकांचा जुना रेडिओ ठेवला, विविध भारती, माणूस बोलतो तेवढ्या आवाजात. पुठ्ठा काढून भोक पूर्ण मोकळं केलं आणि बाल्कनीचं दार लोटून आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो.

अकराच्या सुमाराला ती आली. आधी फांदीवर बसून शेपटी झटकत चिक् चिक् चिक् चिक्, मग आत. दहा मिनिटांनी बाहेर, तोंडात पिल्लू, पिल्लाने अंगाची गोळी करून आईच्या गळ्याला वेढा घातलेला. फांदीवरून थेट नारळाच्या शेंड्यात. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. एक वाजेपर्यंत तीन नेली.

चौथ्याला आलीच नाही. एक कावळा ग्रीलवर येऊन बसला होता, त्याने सगळं बघितलं होतं, आणि कावळा बसलाय म्हणजे खार येणार नाही. काकू पंचा घेऊन बाल्कनीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, दोन तास, उन्हात, जेवण न करता. मी वर जाऊन बघितलं तर पिल्लू हाताला गार लागत होतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळली आणि पिल्लू चपलांच्या खोक्यात तिच्या शेजारी ठेवलं. काकू कापसाच्या बोळ्याने दूध पाजूया म्हणाल्या, त्याला मी ठाम नाही म्हणलं. गाईचं दूध त्यांना पचत नाही, हगवण लागते, आणि गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. आधी ऊब, बाकी सगळं नंतर. प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेतल्या ताईंना फोन लावला, त्याही हेच म्हणाल्या, ऊब द्या, खोकं भोकाजवळ ठेवा, अंधार पडेपर्यंत आईची वाट बघा, नाही आली तर घेऊन या. असे नंबर मी मोबाईलमध्ये ठेवतोच, कोणी मिळालं नाही तर वनखात्याचा १९२६ आहे.

वाट बघत बसलो तेव्हा काकांनी त्यांच्या आजीची आठवण सांगितली. पेठेत वाड्यात राहायचे ते लोक, आणि घरात उंदीर पडला की त्याच दिवशी बाडबिस्तरा उचलून गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायला जायचं. १८९७ चा प्लेग, रँडचा बंदोबस्त, गणेशखिंडीतल्या गोळ्या हे आपण शाळेत वाचतो, पण आजीच्या लक्षात काय राहिलं तर मेलेला उंदीर. आणि त्यात तथ्य होतं, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधत निघतात. आता प्लेग नाही, पण विष घातलेला उंदीर घरात कुठेतरी मरतो तेव्हा पिसवा तशाच बाहेर येतात, वास येतो तो वेगळाच, आणि मुतातून लेप्टोचा ताप पसरतो तो जिवंत असतानाच. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने उचला, हे मी काकांना तेव्हाच सांगून ठेवलं.

सहा वाजले. मी मनातल्या मनात संस्थेपर्यंत गाडीवर किती वेळ लागेल ह्याचा हिशोब करत होतो, बाटलीतलं पाणी तिसऱ्यांदा बदललं होतं. सहा दहाला रेडिओच्या आवाजातूनही ते चिक् चिक् ऐकू आलं. ती भोकात आली, खोक्यापाशी थांबली, मागे गेली, परत आली. आमच्या हाताचा वास येत असेल. मग उडी मारून आत उतरली, पिल्लू उलटंपालटं केलं, पोटाला धरून उचललं आणि गेली. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "आता जेवल्याशिवाय जायचं नाही तू." सकाळपासून अहो-जाहो चाललं होतं.

जेवून मग भोक बंद केलं, वेल्डमेशची, म्हणजे तारेची जाळी स्क्रूने बसवून, कारण प्लॅस्टिकची जाळी हे एका रात्रीत खातात. सिंकखालच्या भोकात तारेची घासणी ठासून वर सिमेंट, सिमेंटमध्ये काचेचा चुरा, ही आपली जुनी पद्धत आणि अजूनही ह्याच्यासारखं काही नाही. फक्त डक्टच्या बाजूला एक वाट तीन-चार दिवस मुद्दाम ठेवली आणि तिच्या तोंडाशी पिंजरा. पिंजरा पहिल्या रात्री लावायचा नसतो. उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, म्हणून दार बांधून उघडाच ठेवायचा, आत भजं, दोन रात्री त्याला येऊन खाऊन जाऊ द्यायचं, आणि तिसऱ्या रात्री दाराची दोरी सोडायची. चिकट पुठ्ठा मी वापरत नाही, कातडी सोलून निघेपर्यंत जनावर ओढत राहतं, आणि त्याच्यावर कधी पाल, कधी चिमणी सापडते.

तिसऱ्या रात्री एक सापडला, पण चपळ, टवटवीत. केक खाल्लेला हा नव्हे. तो दुसऱ्या दिवशी डक्टच्या तळाशी मिळाला, सोसायटीच्या वॉचमनला आधीच सांगून ठेवलं होतं की हात लावू नको, मला फोन कर. पिशवीत घालून खोल पुरला. मग शेवटचं भोक बंद केलं, आंब्याची फांदी छाटायचं काकांनी सोसायटीला पत्र दिलं, आणि काकूंनी त्यावर खाली पेनाने लिहिलं की नारळाला हात लावू नये.