गल्लीतला दिवा आणि महापालिकेचं अंदाजपत्रक

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. फूटपाथ, बाक, पथदिवे अशी लहान कामं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. हे आमच्या सोसायटीत अजून निम्म्या लोकांना माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी बसस्टॉपपासून आमच्या गल्लीपर्यंतच्या अंधाऱ्या पट्ट्यासाठी दिवे मागितले. क्लासहून रात्री नऊला परतणाऱ्या मुली तिथून मोबाइलचा टॉर्च लावून जातात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे पोलिसांना सांग." पण पोलीस राज्याच्या गृहखात्याच्या हाताखाली असतात; दिवे, रस्ते आणि अग्निशमन दल महापालिकेकडे. सुरक्षिततेची तक्रार नेमकी कुणाच्या टेबलावर जाते, हे कळलं की अर्धी धावपळ वाचते.

पुढचा प्रवास लांबचा. आयुक्त अंदाजपत्रक निवडक नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात फेरबदल करते, मग सगळ्या नगरसेवकांची मुख्य सभा मंजुरी देते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर हे सगळे अधिकार राज्य सरकारनं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेले. मंजुरी झाली, पण सभागृहातली चर्चा झाली नाही. मला तो काळ फार खटकला. नगरसेवक कसाही असो, त्याला चौकात गाठून विचारता येतं.

यंदा अर्ज भरताना जागेचा फोटो आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक जोडा. "आमच्या भागात दिवे हवेत" एवढ्यावर कुणालाच काम काढता येत नाही.