बोटीची तयारी आणि होमस्कूलिंग एकत्र : आमचे १८ महिने

आम्ही चौघं. मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७. जुनी ११ मीटरची शिडाची बोट घेतली तेव्हा डोक्यात असं होतं की सहा महिन्यात ती लांबच्या प्रवासाला तयार करू आणि तेव्हाच मुलांचं घरी शिकवणंही सुरू करू, म्हणजे निघेपर्यंत दोन्ही अंगवळणी पडेल. लागले १८ महिने, आणि त्यातले पहिले चार अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ वाया गेले. जे कोणी असा विचार करताय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

चूक कुठे झाली तर, मला मनापासून वाटत होतं की बोट हीच शाळा आहे, वेगळं बसून शिकवायची गरज नाही. चार महिन्यांनी एक दिवस मुलीला साधा भागाकार दिला तर ती अडली, आणि धाकटा वाचायचं टाळायला लागलाय हे तेव्हा लक्षात आलं. कारण उघड होतं. बोटीचं काम ज्या क्रमाने अंगावर येतं त्या क्रमाने गणित येत नाही, आणि आपण घाईत असलो की मुलांच्या वाट्याला फक्त टॉर्च धरणं येतं. टॉर्च धरून उभं राहणं म्हणजे शिकणं नाही. त्या रात्री मी खूप रडले.

मग ठरवलं, सकाळी साडेआठ ते साडेदहा कोणीही हत्यार हातात घ्यायचं नाही. ग्राइंडर बंद, फोन बंद, नवऱ्याने पण त्या वेळात नुसतं सामानाची यादी वगैरे करायची. गणित, वाचन, लिहिणं, बस एवढंच. बाकी सगळं नंतर. दोन तास कमी वाटतात पण समोर दोनच मुलं असली की भरपूर होतात. याने बोटीचं काम लांबलं हे खरं, पण हा नियम आम्ही मोडला नाही.

बोट पाण्याबाहेर काढली ते दिवस सगळ्यात अवघड होते. बोट टेकूंवर उभी, वर जायला शिडी, खाली तळाचा जुना अँटीफाउलिंग रंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो, घासायचं काम. त्या रंगाची धूळ विषारी असते म्हणून आम्ही तो ओलाच घासला आणि मुलांना जवळ फिरकू दिलं नाही. त्याच आठवड्यात सिंकखालचा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळाच्या भोकावर बसवलेला व्हॉल्व्ह, नवऱ्याने नुसता पिळला आणि तो हातातच तुटून आला. आतून गुलाबी. पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि मागे राहतं ते ठिसूळ, भुसभुशीत तांबं. बाहेरून बघून कळत नाही हो! मुलीने लगेच विचारलं, पाण्यात असताना तुटला असता तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित घेतलं. भोक ३८ मिलिमीटरचं, पाण्याखाली अर्धा मीटर. वेगाचं सूत्र मी दिलं, क्षेत्रफळ तिने काढलं, आणि उत्तर आलं की मिनिटाला २०० लिटरच्या वर पाणी आत येईल. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. सातच्या सात सीकॉक बदलून ब्राँझचे घातले, आणि प्रत्येकाशेजारी, तुटलाच तर भोकात ठोकायला, निमुळती लाकडी बुचं दोरीने बांधायचं काम धाकट्याने केलं. गाठी त्याच्या, तपासल्या मी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की बोट शिकवते, पण सकाळी पाया घातलेला असेल तरच. मग मात्र खूप शिकवते. नांगराच्या चेनवर दर १० मीटरला वेगळ्या रंगाची खूण मुलांनीच केली. ६ मीटर खोलीला किती चेन सोडायची तर पाचपट धरून मुलगी म्हणाली ३० मीटर. मी म्हटलं, बोटीचं नाक पाण्यापासून दीड मीटर वर आहे ते? आणि भरती २ मीटर आली तर? परत केलं, साडेसत्तेचाळीस आले. पिण्याच्या पाण्याचंही तसंच. टाकी ३०० लिटर, माणसं चार, दिवस २०, त्यात एक तृतीयांश हातही न लावता राखून ठेवायचं, म्हणजे माणशी रोज अडीच लिटर. भांडी समुद्राच्या पाण्याने धुवायची हे त्या दिवशी मुलांनीच ठरवलं, आणि आम्ही जास्तीचे कॅन घेतले.

रिगिंगबद्दल थोडक्यात : डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा किती जुन्या ते कोणालाच माहीत नव्हतं, एका जोडाला बारीक चीर दिसली, सगळ्या बदलल्या. इथे पैसे वाचवू नका.

कागदपत्रांचं एक सांगते. घरी शिकवायचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, काही ठिकाणी परवानगीच नाही, त्यामुळे आपल्याला कुठला नियम लागू होतो ते आधी लेखी विचारून घ्या. आम्ही शाळेतून दाखला घेतला आणि दोघांची एकेक फाइल ठेवली, तारखा घातलेल्या, वह्यांचे फोटो वगैरे. परत शाळेत घालायची वेळ आली तर हेच कामाला येईल.

मागच्या महिन्यात पहिल्यांदा रात्रभर बोट चालवून बघितली. मुलांना हार्नेस घालून डेकवरच्या पट्ट्याला अडकवलेलं. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मुलीने मोजलं, म्हणजे जवळजवळ आपला अक्षांशच, जीपीएसपेक्षा सव्वा अंशाने चुकलं, म्हणजे ७५ सागरी मैल, पण तिने स्वतः काढला. दर तासाची नोंद लॉगबुकात मराठीत तीच लिहिते. धाकटा झोपायच्या आधी टॉर्च घेऊन सातही सीकॉकपाशी जाऊन आला, आणि बुचं जागेवर आहेत असं ताईला लिहायला सांगितलं. तिने वेळ टाकून लिहिलं.

लाइफराफ्ट, म्हणजे बोट बुडालीच तर चढायचा फुगणारा तराफा, सर्व्हिसिंगहून यायचाय. वादळांचा सीझन संपला की निघतोय.