केदारकंठ्याचा भैजी आणि अस्तंब्याची पोरं

आई दोनदा म्हणून गेली की ती बॅग आधी रिकामी कर, पण हे आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल. जळगावात पारा चाळिशीच्या वर गेलाय, कूलर फुल स्पीडवर आणि डोक्यात मात्र अजून बर्फच.

फोटो सगळ्यांना पाठवलेत. स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळा नाग, सगळी सहा हजार मीटरच्या वरची शिखरं उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावरून समोर उभी दिसतात, भारीच वाटतं. पण मला लिहायचंय आमच्या गाइडबद्दल. चढाई जिथून सुरू होते त्या सांकरीजवळच्या सौर गावचा, वयाने माझ्याहून लहानच असेल, तरी आम्ही त्याला भैजीच, म्हणजे गढवालीत मोठा भाऊ, म्हणायचो.

मला वाटायचं गाइड म्हणजे वाट दाखवणारा. पण तिथली वाट सीझनमध्ये मळलेलीच असते, भैजीचं सगळं लक्ष आमच्यावर. कोणी ताटात अर्धं टाकलं, कोण अचानक गप्प झालं, कोणाचा हातमोजा ओला आहे, सगळं बघायचा. रात्री पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवायला लावल्या, कारण पाणी वरून गोठत येतं, बाटली उलटी असली की बर्फ बुडाकडे धरतो आणि सकाळी झाकण सहज उघडतं. इतकी साधी गोष्ट, पण पहाटे घोटभर पाणी मिळालं ते त्यामुळेच.

शिखराला पहाटे तीनला निघायचं होतं, रात्री बर्फ कडक असतो, बुटांना लावलेले काटे त्यात नीट रुततात, ऊन वर आलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि गुडघाभर पाय आत जातो. उंची जवळपास ३८०० मीटर, समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन एक तृतीयांशाहून जास्त कमी. आमच्या अमळनेरच्या मित्राचं डोकं संध्याकाळपासून दुखत होतं आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. भैजीने त्याला हेडलॅम्पच्या उजेडात टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलालाच तोल गेला. "माले काहीच नही व्हयनं, मी येस वर," तो अहिराणीत सुरू झाला, एवढ्या लांबून आलो, पैसे भरले वगैरे. भैजीला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. त्याने वाद घातलाच नाही, मित्राची सॅक उचलून आपल्या सोबतच्या पोराच्या खांद्यावर दिली आणि दोघांना सरळ खाली पाठवलं. आम्ही शिखरावरून उतरून सांकरीला पोचलो तर हा पठ्ठ्या राजमा-भात खात बसलेला, डोकेदुखी गायब. उंचीवर ऑक्सिजन कमी पडून डोकं दुखतं, तोल जातो, त्या आजाराला पहिला इलाज म्हणजे खाली उतरणं.

त्या रात्री भैजी द्रौपदी का डांडा या शिखराबद्दल बोलला. ४ ऑक्टोबर २०२२ ला तिथे हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीतले २७ जण गेले, त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली, याच जिल्ह्यातली मुलगी. मग मला त्याची ती पहाटेची परीक्षा नीट समजली.

परतीच्या ट्रेनमध्ये मला सारखा आपल्या नंदुरबारचा अस्तंबा डोंगर आठवत होता. दिवाळीला अश्वत्थाम्याच्या यात्रेला हजारो लोक सातपुड्यात चढतात, आणि पावरा, भिल्ल पोरं त्या अंधारात पायवाट अशी चालतात की आपण बघत राहावं. दगड कुठे हलतो, उन्हाळ्यात पाणी कोणत्या झऱ्याला टिकतं, सगळं पाठ. आणि आपण काय करतो, ओझं त्यांच्या पाठीवर देतो आणि शेवटी चहापाण्याला म्हणून शंभराची नोट हातात टेकवतो! मला याचा खरंच राग येतो. उत्तरकाशीत ती संस्था १९६५ पासून आहे, तिथली पोरं कोर्स करतात, गाइड म्हणून ठरलेला रोज घेतात. आपल्या धडगाव-तोरणमाळच्या पोरांकडे डोंगराचं ज्ञान काय कमी आहे का? कमी आहे ते प्रशिक्षण, प्रथमोपचार आणि ठरलेला दर.

आज धडगावच्या ओळखीच्या सरांना फोन केला. दहा-बारा पोरं जमवतो म्हणाले. माझा एक डॉक्टर मित्र पट्टी बांधणं, साप चावल्यावर काय करायचं, उन्हाचा झटका, हे शिकवायला येतोय. दर किती ठेवायचा ते पोरांनाच ठरवू द्यायचं, आणि पुढच्या अस्तंब्याला आमचा ग्रुप तोच दर देणार. पाऊस लागायच्या आत एक शनिवार-रविवार गाठायचाय.