थायमिडीन शंभरपट पडलं तो दिवस
मायक्रोस्कोपखाली अंधार होता. हेपजी2 पेशींच्या (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या) त्या प्लेटमध्ये मी आदल्या दिवशी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, घातलं होतं आणि सकाळी तासभर ईडीयू. ईडीयू म्हणजे थायमिडीनसारखाच दिसणारा रेणू. पेशी नवा डीएनए विणत असेल तर तो त्यात गुंफला जातो आणि रंग जोडल्यावर केंद्रक हिरवं चमकतं. थायमिडीनमुळे चमक थोडी फिकी पडणार हे धरलेलंच होतं, पण इथे एकही ठिपका नव्हता. पेशी मात्र छान चिकटलेल्या, धडधाकट.

बाहेर पाषाण रस्त्यावर श्रावणातली सर कोसळत होती. मी फ्रीज उघडला आणि पोटात गोळाच आला. 2 मिलीमोलरऐवजी 200 मिलीमोलरची बाटली वापरली गेली होती. पेशींना 20 मायक्रोमोलर मिळायला हवं होतं, मिळालं 2 मिलीमोलर, म्हणजे शंभरपट.

मॅडमना लगेच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, डीएनए बनणं थांबलंय, की इतक्या थायमिडीनच्या गर्दीत ईडीयूला आत शिरायला जागाच मिळाली नाही? आधी ते ठरव."

हा प्रश्न मला सुचला नव्हता, याची रुखरुख अजून आहे. दोन्ही शक्य होतं. थायमिडीन वाढलं की पेशीत डीटीटीपी, म्हणजे डीएनएचं 'टी' अक्षर, साचतं. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम डीएनएचा कच्चा माल तयार करतं, आणि डीटीटीपी त्याला जखडून त्याचा कल बदलतं. मग सीडीपी या रेणूचं रूपांतर अडतं, आणि त्यातून मिळणारं 'सी' अक्षर, डीसीटीपी, आटतं. चार अक्षरांपैकी एकाचा ढीग आणि दुसऱ्याचा दुष्काळ. मग डीएनए पुढे सरकणार कसा?

लिव्हरच्या बाबतीत हा असमतोल नुसता प्लेटपुरता नसतो. आहारात 1 टक्का ओरोटिक आम्ल (पेशी ज्यापासून युरिडीन बनवते तो रेणू) दिलं की रॅट जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या यकृतात युरिडीनची न्यूक्लिओटाइडं, म्हणजे अशीच अक्षरं, वाढतात, अॅडेनीनची घटतात, आणि यकृत चरबीने भरतं. आमचा मूळ प्रयोग त्याबद्दलच होता. थायमिडीनची प्लेट नुसती तुलनेसाठी.

सुदैवाने तशाच दोन प्लेट इन्क्युबेटरमध्ये होत्या. ईडीयूवर विसंबायचं नाही, एकेका पेशीत डीएनए किती आहे तेच मोजायचं ठरलं. एका प्लेटमधल्या पेशी सोडवून, डीएनएला चिकटणाऱ्या प्रोपिडियम आयोडाइडने रंगवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, चढवल्या. ग्राफवर दोन शिखरं येतात: पहिलं एकपट डीएनएच्या पेशींचं, दुसरं दुप्पटच्या. पहिल्या शिखराच्या उजव्या कडेला ही गर्दी! बऱ्याचशा पेशी एस अवस्थेच्या, म्हणजे डीएनए दुप्पट होण्याच्या टप्प्याच्या, उंबऱ्याशीच अडकलेल्या. दुसऱ्या प्लेटमध्ये थायमिडीन तसंच ठेवून डीऑक्सिसायटिडीन घातलं. पेशी त्यापासून थेट डीसीटीपी बनवू शकतात, रिडक्टेजकडे हात पसरावा लागत नाही. आटलं होतं ते हेच असेल, तर आता पेशी हलायला हव्यात.

सहा तास वाट पाहिली. डबा उघडला, पण पोळी घशाखाली उतरेना. रात्री साडेआठला दुसरा ग्राफ आला: उंबऱ्यावरची गर्दी ओसरली होती आणि एकपट-दुप्पट शिखरांमधला रिकामा पट्टा भरला होता. डीएनए वाढत होता, तोही तेवढ्याच थायमिडीनमध्ये. मॅडम उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "घरी जा आता. रिक्षा मिळेल ना?"

दुसऱ्या दिवशी मूळ प्रयोग पुन्हा लावला, 2 मिलीमोलरच्या बाटलीतून. 200 च्या बाटलीवर लाल टेप लावून ती वेगळ्या खणात ठेवली.